खाण्यावरून भांडलेलं गाव

आपल्याकडून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या बहुतेक सहलींत झुरिक म्हणजे नुसता विमानतळ. तिथे उतरायचं, बसमध्ये बसायचं आणि बर्फ कधी दिसणार ते विचारायचं. फार तर तासभर सरोवराच्या काठी फोटो, बानहोफश्ट्रासवरच्या घड्याळांच्या दुकानांबाहेर उभं राहून किमती वाचून एक ‘अगंबाई’, की पुढे ल्युझर्न. बँकांचं, महागडं, टापटिपीचं आणि जरा कंटाळवाणं शहर अशी त्याची ख्याती. माझी भाची तिथे शिकायला होती म्हणून आम्हाला सवडीने राहता आलं. महाग म्हणाल तर आहेच, टापटीपही आहे. पण कंटाळवाणं? काय खावं, कधी खावं आणि काय मुळीच खाऊ नये यावर ज्या गावाने पाचशे वर्षं हुज्जत घातली, ते मराठी माणसाला कंटाळवाणं वाटायचं कारणच नाही. आपल्या घरात दुसरं काय चालतं?

आधी गावाची ओळख. सरोवर लांबुडकं आहे, सुमारे ४० किलोमीटर लांब, आणि शहर त्याच्या वायव्येच्या टोकाला. तिथूनच लिमात नदी सरोवरातून बाहेर पडते आणि जुन्या गावाच्या मधून जाते. पुलावर उभं राहिलं की नदीच्या उजव्या काठावर ग्रोसम्युन्स्टर चर्चचे जोडमनोरे, डाव्या काठावर फ्राउम्युन्स्टर चर्चचा निमुळता हिरवट कळस. मागे वळलं की सरोवर, आणि हवा चांगली असेल तर त्याच्या पार टोकाला ग्लारुसचे बर्फाळ डोंगर. दक्षिणेकडून फ्योन नावाचं कोरडं, गरम वारं सुटलं की हेच डोंगर एकदम जवळ येऊन उभे राहतात. आणि त्याच दिवशी निम्म्या गावाचं डोकं दुखतं म्हणे. सरोवराच्या पूर्व काठाला संध्याकाळचं ऊन मिळतं, म्हणून त्याला सोनेरी किनारा म्हणतात आणि तिथली घरं श्रीमंतांची. पश्चिम काठावर सूर्य लवकर डोंगराआड जातो, म्हणून त्या बाजूला गमतीने सर्दीचा किनारा म्हणतात. झुरिककर विनोद करत नाहीत असं जे म्हणतात, त्यांना हे सांगावं.

पाणी हा तिथला खरा ऐवज. नळाला येणारं सुमारे ७० टक्के पाणी याच सरोवराचं, आणि शहरात १२०० हून जास्त कारंजी आहेत ज्यांचं पाणी सरळ ओंजळीत घेऊन प्यावं. गेल्या शतकाच्या मध्यावर सांडपाण्यामुळे याच सरोवरावर शेवाळाचे थर येत होते. मग मैलापाणी शुद्ध करण्याची केंद्रं उभी राहिली, पुढे १९८६ मध्ये देशभर कपड्यांच्या साबणातून फॉस्फेट हद्दपार केलं गेलं. आज दुपारी बारा वाजता लोक ऑफिसातून निघून सरळ सरोवरात उडी मारतात. काठाकाठाने लाकडी स्नानघरं आहेत. त्यातलं १८८८ सालचं एक दिवसभर फक्त बायकांसाठी. दुसऱ्या एका, सगळ्यांसाठीच्या स्नानघरातल्या फळीवर मी बसले होते तेव्हा शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. शर्टाची बाह्या आत घालून घडी केली, चष्मा डाव्या बुटात ठेवला, उजव्या बुटात घड्याळ, आणि शिडीने न उतरता धबकन पाण्यात. वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर आले, पुसले, चष्मा लावला, पिशवीतून सफरचंद काढून देठापर्यंत खाल्लं आणि गेले कामावर. सफरचंदाचं लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचंय.

आता भांडणाकडे. १५२२ सालचा मार्च महिना. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास चालू होता. मांस वर्ज्य, आणि तो मोडणं हा नुसता धर्मभंग नव्हे, गुन्हाच. क्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याकडे फ्रांकफुर्टच्या जत्रेसाठी रात्रंदिवस काम चाललं होतं. त्याने आपल्या कामगारांना आणि आलेल्या काही मंडळींना धुरावलेली दोन सॉसेजं बारीक कापून दिली. तुकडे एवढाले, की पोट भरायचा प्रश्नच नव्हता. भरायचा होता तो वाद. गावभर बोभाटा झाला, फ्रोशाउअरला पकडलं. त्याने नगरसभेपुढे सांगितलं की माणसं राबतात, नुसत्या लापशीवर त्यांनी कसं राबावं, आणि मासे काही रोज परवडत नाहीत. ही तक्रार पाचशे वर्षांपूर्वीची आहे यावर विश्वास बसत नाही. रत्नागिरीच्या बाजारात मी ती दर शनिवारी ऐकते.

त्या घरात ग्रोसम्युन्स्टरचा धर्मोपदेशक उलरिश झ्विंग्ली हजर होता. त्याने स्वतः तुकडा खाल्ला नाही. पण पंधरवड्यात त्याने प्रवचन केलं आणि तेच पुढे छापलं: बायबलात अशा उपासाची सक्ती कुठेही नाही, ज्याला करायचाय त्याने करावा, नाही त्याने करू नये. स्वतः न खाता दुसऱ्याच्या खाण्याच्या हक्कासाठी भांडणारा माणूस मला फार आवडला. (नंतरचा झ्विंग्ली तेवढा आवडत नाही, ते पुढे.) या सॉसेजच्या तुकड्यांवरून कॉन्स्टान्सच्या बिशपशी वाजलं, पुढच्या वर्षी जाहीर वादसभा भरली आणि झुरिकने पोपची वाट सोडली. जर्मनीत धर्मसुधारणा चर्चच्या दारावरच्या प्रबंधांनी सुरू झाली असं आपण शाळेत शिकलो. झुरिकमध्ये ती जेवणाच्या टेबलावर सुरू झाली, हे कोणी शिकवलं नाही.

गंमत अशी की खाण्याची मोकळीक मागून सुरू झालेली ही चळवळ लवकरच दुसऱ्या टोकाला गेली. चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं १५२४ मध्ये काढली, भिंतींवर चुना फासला, ऑर्गनही गेला. पुढची दोन-तीनशे वर्षं या गावात कपडे किती भारी असावेत, लग्नाच्या पंगतीला किती माणसं असावीत, यावर फर्मानं निघत राहिली. ग्रोसम्युन्स्टरमध्ये आत गेलं की तो करडा दगड अजून ‘गप्प बस’ म्हणतो. म्हणून नदी ओलांडून फ्राउम्युन्स्टरमध्ये जरूर जावं. तिथे चित्रकार मार्क शागालने केलेल्या पाच काचेच्या खिडक्या १९७० मध्ये बसल्या. करायला घेतल्या तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. निळी, हिरवी, पिवळी, लाल. साडेचारशे वर्षांचा रंगांचा उपास तिथे सुटलाय.

खाण्यावरची दुसरी लढाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाली, आणि ती एका बाईने सुरू केली. तेव्हा कामगाराला बाहेर स्वस्त जेवायचं तर गुत्त्यातच जावं लागे, आणि गुत्त्यात बसून काही न पिता उठणं शक्य नसे. सुझाना ओरेली या विधवा बाईंनी १८९४ मध्ये आणखी काही बायकांना घेऊन एक मंडळ काढलं आणि दारू न देणाऱ्या खानावळी चालवायला सुरुवात केली. स्वच्छ टेबल, सूप, कॉफी, वाजवी दर, आणि पोरींना नोकऱ्या. लोक हसले असणारच. पण खानावळी चालल्या, वाढल्या, आणि १९१९ मध्ये झुरिक विद्यापीठाने या बाईंना वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली. जेवू घालण्याबद्दल डॉक्टरची पदवी! आपल्याकडे या हिशेबाने किती आज्या डॉक्टर झाल्या असत्या.

ओरेलीबाईंच्या मंडळानंतर चारच वर्षांनी, १८९८ मध्ये, शाकाहारी खानावळ निघाली. आज तिचं नाव हिल्टल, आणि सलग चालू असलेलं जगातलं सगळ्यात जुनं शाकाहारी रेस्तराँ म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. अम्ब्रोसिउस हिल्टल हा बव्हेरियातून आलेला शिंपी. सांधे धरले, सुई धरवेना. डॉक्टरने मांस सोड म्हणून सांगितलं. तो या खानावळीत जेवायला लागला, बरा झाला, काही वर्षांत ती चालवायलाच घेतली आणि तिथल्या स्वयंपाकीणबाईंशी लग्नही केलं. गावात मात्र या जागेची टिंगल चाले. तिथे जेवणाऱ्यांना गवतखाऊ म्हणत आणि काही गिऱ्हाइकं म्हणे मागच्या दाराने आत शिरत. आपल्याकडे काही घरांतली मंडळी अंडाभुर्जी खायला ज्या दाराने शिरतात, ते हेच दार असावं. फक्त तिथे उलटं होतं.

हिल्टलमध्ये आम्ही गेलो ते आमच्या ह्यांच्यामुळे. हे पक्के शाकाहारी, मी कोकणातली. युरोपात शाकाहारी माणसाला सॅलडची पानं आणि बटाटे यांवर दिवस काढावे लागतात या तयारीने हे पिशवीत मेतकूट घेऊन आले होते. इथे लांबच लांब बुफे, हवं ते ताटात घ्यायचं आणि ताट काट्यावर ठेवून वजनाचे पैसे द्यायचे. त्यात डाळ होती, पनीर होतं. त्याचं कारण आहे. १९५० च्या दशकात हिल्टल घराण्याची सून, मार्गरिट, जागतिक शाकाहार परिषदेसाठी भारतात आली आणि इथल्या जेवणावर भाळून परत गेली. त्या काळात झुरिकमध्ये हळद, धने, वेलची सहजी मिळत नव्हती, तरी तिने आपल्या स्वयंपाकघरात भारतीय पदार्थ आणलेच. आज त्या डाळीला आपल्या घरची चव नाही. फोडणी पडलेली वाटत नाही, मिरची घाबरत घाबरत आलेली. पण ह्यांनी दुसऱ्यांदा ताट भरलं आणि काट्यावर आकडा बघून त्यातला भात परत ठेवता येईल का ते विचारलं.

आता सफरचंद. माक्स बिर्खर-बेनर हा झुरिकचा डॉक्टर. साधारण १९०० च्या सुमारास तो सांगू लागला की शिजवलेल्यापेक्षा कच्चं श्रेष्ठ, मांसापेक्षा फळ श्रेष्ठ, सूर्याची शक्ती पानाफळांत साठते. गावातल्या डॉक्टरमंडळींनी त्याला वेड्यात काढलं. त्याने १९०४ मध्ये झुरिकबेर्ग टेकडीवर आपलं आरोग्यधाम उघडलं. पहाटे उठायचं, फिरायचं, बागकाम करायचं, रात्री नऊला दिवे बंद. जर्मन कादंबरीकार थोमास मान १९०९ मध्ये तिथे राहून आला आणि त्याने त्याला आरोग्याचा तुरुंग म्हटलं. या तुरुंगात जे खायला मिळे तेच बिर्खरम्युस्ली. आज जगभरच्या हॉटेलांत जे म्युस्ली नावाने मिळतं त्याच्याशी त्याचं नातं दूरचं. मूळ कृतीत ओट्स जेमतेम चमचाभर, रात्रभर पाण्यात भिजवलेले. त्यात लिंबाचा रस, थोडं आटवलेलं गोड दूध, आणि मग अख्खं सफरचंद सालीसकट, गाभ्यासकट किसून, वर बदाम किंवा हेझलनटची पूड. मुख्य पदार्थ सफरचंद, ओट्स नावाला. किसायचं ते अगदी आयत्या वेळी, नाहीतर काळं पडतं. भाचीच्या खोलीत आम्ही ते केलं. आंबटगोड, ओलसर, मध्येच बियांचा किंचित कडू दाताखाली. मला आवडलं. ह्यांनी त्यात मीठ मागितलं.

झुरिकचं म्हणून जे ताट सगळे सांगतात ते मात्र अगदी वेगळं: झुरिक पद्धतीचं गेश्नेत्झेल्टेस. वासराच्या मांसाचे पातळ काप, मशरूम, पांढरी वाइन, आणि साय. जुन्या पद्धतीत मूत्रपिंडाचे तुकडेही. ज्यांना चालत नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मेन्यूवर ‘काल्ब’ म्हणजे वासरू, ‘रिंड’ म्हणजे गाय-बैल, ‘श्वाइन’ म्हणजे डुक्कर, ‘पुले’ म्हणजे कोंबडी. मांस कुठल्या देशातलं ते हॉटेलवाल्याला लिहावंच लागतं, त्यामुळे फसवणुकीची भीती नाही. सोबत येते ती रोश्टी, आणि ती आपल्या माणसाने खावीच खावी. उकडून गार केलेला बटाटा किसून लोण्यावर तव्यात थापतात, एक बाजू तांबूस कडक झाली की उलटतात. आपला एकादशीचा बटाट्याचा कीस, फक्त जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट घरी विसरून आलेला. मूळची ती बेर्नकडच्या शेतकऱ्यांची सकाळची न्याहारी. चांगल्या रोश्टीची परीक्षा एकच: सुरी लावली की कर्र वाजलं पाहिजे आणि आतून वाफ यायला हवी. पर्यटकांच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात जी मिळाली ती वाजली नाही.

माशांबद्दल मी जरा कडक आहे, आधीच सांगते. गोड्या पाण्यातला मासा हा आम्हा कोकणातल्या लोकांच्या लेखी मासा कमी आणि गैरसमज जास्त. सरोवराकाठी एग्ली आणि फेल्शेन हे दोन मिळतात. एग्ली छोटा, पट्टेवाला. त्याच्या नाजूक तुकड्या लोण्यावर परततात किंवा पिठात बुडवून तळतात. फेल्शेन थोडा मोठा, मऊ. काठावरच्या एका बाकड्यावर कागदाच्या पुड्यात तळलेले तुकडे घेतले. लिंबू पिळलं. मासा ताजा होता, काटा एकही नाही, आवरण कुरकुरीत, आणि चव? चव सौम्य. इतकी सौम्य की मी दुसरा तुकडा उचलला तो खात्री करून घ्यायला. तिसरा आवडून खाल्ला. एवढं विचारून घ्यावं की मासा याच सरोवरातला आहे का, कारण स्वित्झर्लंडमध्ये खाल्ला जाणारा बराचसा एग्ली परदेशातून येतो. देशातल्या काही सरोवरांवरचे कोळी तर तक्रार करतात की पाणी आता फारच शुद्ध झालंय. शेवाळ नाही म्हणून बारीक जीव नाहीत, बारीक जीव नाहीत म्हणून मासा नाही. पाणी घाण झालं तरी भांडण, स्वच्छ झालं तरी भांडण.

फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलाय, साध्या कॉफीला पाच-सहा फ्रँक पडतात, तेव्हा रोज हॉटेलात जेवणं आपल्या खिशाला झेपणारं नाही. तिथल्या लोकांनाही झेपत नाही. ते सुपरमार्केटमधून पाव, चीज, टोमॅटो आणि द्राक्षं घेतात आणि सरोवराच्या काठी बाकावर बसून जेवतात. आम्हीही तेच केलं आणि माझ्या मते झुरिकमधलं सगळ्यात चांगलं जेवण तेच. त्या सुपरमार्केटची कथाही भांडणाचीच. गोटलीब डुटवायलरने १९२५ मध्ये पाच फोर्ड ट्रकांवर कॉफी, तांदूळ, साखर, शेवया, नारळाचं तेल आणि साबण असा सहाच वस्तूंचा माल घालून झुरिकच्या रस्त्यांवर विकायला सुरुवात केली, दुकानदारांपेक्षा बऱ्याच स्वस्तात. दुकानदार खवळले. तीच मिग्रो. त्याने ठरवलेलं की दारू विकायची नाही, ते आजही पाळतात. २०२२ मध्ये सभासदांचं मतदान घेतलं: आता तरी विकायची का? दहाच्या दहा प्रादेशिक सहकारी संस्थांनी नाही म्हणून सांगितलं. डेनर नावाची साखळी मात्र मिग्रोच्याच मालकीची, तिथे बाटल्यांच्या रांगा असतात, आणि कित्येक ठिकाणी ती अगदी शेजारच्या गाळ्यात. देवघरात नाही, पण पडवीत चालतं; हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

चॉकलेटवर मी लिहीत नाही, सगळेच लिहितात. बोटीतून मात्र जावं. ट्राम, बस, रेल्वे, बोट सगळ्यांना एकच तिकीट, फक्त झोन नीट बघायचे. वाटेत किल्शबेर्ग लागतं. थोमास मान अखेर तिथे येऊन राहिला आणि तिथेच पुरला गेला. तुरुंग म्हणून नावं ठेवली तरी गाव काही सुटलं नाही त्याला.

शेवटी पुन्हा सॉसेज. देशाचं आवडतं सॉसेज सेर्वेला, गाय-बैल आणि डुक्कर दोन्ही मिसळून केलेलं. त्याचं आवरण ब्राझीलच्या झेबू गुरांच्या आतड्याचं असतं. युरोपने रोगाच्या भीतीने त्या आतड्यांवर बंदी घातली तेव्हा २००८ च्या सुमारास देशभर चिंता पसरली, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. ब्राझीलची ती वशिंडाची गुरं म्हणजे भारतातून नेलेल्या गीर आणि ओंगोल जातींचे वंशज. ही माहिती मी ह्यांना जेवताना दिली नाही.

आणि बेलव्युच्या चौकात, ऑपेराच्या जवळ, ब्राटवुर्स्टची जी प्रसिद्ध टपरी आहे तिथे रात्रीसुद्धा रांग असते. मुख्यतः वासराच्या मांसाचं पांढरं सॉसेज भाजून देतात, सोबत कडक सालीचा गोल पाव आणि नाकातोंडातून वाफ काढील अशी जहाल मोहरी. याच चौकाला लागून असलेल्या मैदानात एप्रिलमध्ये हिवाळ्याचा कापसाचा राक्षस जाळतात आणि तो जळून गेला की लोक फावड्याने निखारे ओढून घेऊन त्यावर आपापली सॉसेजं भाजतात. भाची रांगेत उभी राहिली, मी पावाला राखण. तिच्यासोबत तिच्या प्रयोगशाळेतला एक मुलगा होता, सांक्ट गालेनचा. हे पांढरं सॉसेज मूळ त्यांच्याकडचं, आणि त्यांच्याकडे त्याला मोहरी लावणं म्हणजे पाप. भाचीने मोहरीत बुडवून घास घेतला तसा तो कळवळून काहीतरी बोलला. ती म्हणाली, “मावशी, हा म्हणतोय की चांगल्या सॉसेजला मोहरी लावणारा माणूस स्वयंपाक्याचा अपमान करतो.” मागे रांगेत उभे असलेले झुरिककर आजोबा ते ऐकून पुढे सरसावले, आणि दोघांचं जे सुरू झालं ते आमची ट्राम आली तरी चालूच होतं.